मिठाची केवायसी

बँकेत मी चौतीस वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं "नाव जुळत नाही" हे एकच वाक्य म्हणण्यात गेली. आधारवर दत्तात्रय, पॅनवर दत्तात्रेय, पासबुकावर नुसतं डी. के., आणि काउंटरपलीकडचे गृहस्थ सांगणार, "साहेब, अख्खा गाव मला दत्तूअण्णा म्हणतो." गाव म्हणत असेल, संगणक म्हणत नाही. मग प्रतिज्ञापत्र आणा, राजपत्रात छापून आणा, नाहीतर मध्ये 'उर्फ' घालून सही ठोका. उर्फ या दोन अक्षरांवर निम्मा महाराष्ट्र चालतो, हे निवृत्त होईपर्यंत मला पुरतं कळून चुकलं होतं.

बँकेत लागण्याआधी मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं. यात नवल नाही. माझ्या पिढीत रसायनशास्त्राची पदवी म्हणजे बँकेच्या परीक्षेला बसण्याची पूर्वतयारीच असायची. पदवी मिळाली, बँक मिळाली आणि पदवीचा कागद कपाटात वरच्या फळीवर गेला. परवा भाचीनं तो खाली काढला.

भाची नववीत आहे, सेमी इंग्रजीला. म्हणजे विज्ञान इंग्रजीत आणि घाबरणं मराठीत.

"मामा, उद्या घटक चाचणी आहे. तू केमिस्ट्रीवाला ना?"

"होतो."

"मग ही नावं सांग. पटापट."

वहीत डावीकडे वीस संयुगांची सूत्रं आणि उजवीकडे वीस रिकाम्या ओळी. मी चष्मा लावला. समोर वीस खातेदार रांगेत उभे होते आणि एकाच्याही फॉर्मवर नाव भरलेलं नव्हतं. अंगात जुना अधिकारी संचारला.

पहिला खातेदार एन-ए-सी-एल, म्हणजे मीठ. एवढं तिलाही येत होतं. सोडियम क्लोराईड. पण तिची तक्रार वेगळीच होती. "सोडियमचं एस-ओ असायला हवं ना? एन-ए कुठून आलं?" मी म्हटलं, ते त्याचं लॅटिन नाव, नेट्रियम. बर्झेलियस नावाच्या स्वीडिश गृहस्थांनी १८१३च्या सुमारास मूलद्रव्यांना अक्षरी संज्ञा द्यायला घेतल्या, तेव्हा लॅटिन नावं धरली. म्हणून पोटॅशियम के, लोखंड एफ-ई, शिसं पी-बी. असे अकरा जण आजही बोलायला एक आणि सहीला एक. आमच्या शाखेत अकराच्या अकरांचं खातं गोठवलं असतं.

"बरं, पण सोडियम क्लोरीन का नाही? क्लोराईड का?"

हे सोपं होतं. नाशिकचा माणूस पुण्यात बिऱ्हाड करतो आणि नाशिककर होतो. नाशकात असताना त्याला कोणी नाशिककर म्हणत नाही. तसंच क्लोरीन दुसऱ्याच्या घरात राहायला गेला की क्लोराईड, ऑक्सिजन गेला की ऑक्साईड, गंधक गेलं की सल्फाईड. 'आईड' हा त्यांचा 'कर' आहे. धातू घरमालक, त्याचं नाव जसंच्या तसं आणि आधी. बाहेरून आलेल्याचं नाव मागून आणि शेपूट बदलून.

ती खूश झाली. चार ओळी तिनं एकटीनं भरल्या. मग पेन थांबलं.

"मॅग्नेशियम क्लोराईडमध्ये क्लोरीन दोन आहेत. मग मॅग्नेशियम डायक्लोराईड म्हणू?"

"नाही. नुसतं मॅग्नेशियम क्लोराईड."

"आणि सी-ओ-टूमध्ये ऑक्सिजन दोन आहेत, तिथं मात्र कार्बन डायऑक्साईड. तिथं डाय का?"

प्रश्न रास्त होता. मी वेळ काढायला चहा मागितला. बी.एस्सी.च्या तीन वर्षांत हा प्रश्न मला पडल्याचं आठवत नाही. आम्ही पाठ केलं आणि बँकेत लागलो.

चहा येईपर्यंत मात्र उत्तर सापडलं, आणि ते रसायनशास्त्राच्या कप्प्यात नव्हतं, बँकेच्या कप्प्यात होतं. मी म्हटलं, हे बघ, व्यवहार दोन प्रकारचे असतात. एक बक्षीसपत्र, दुसरं जॉइंट खातं.

सोडियमच्या सगळ्यात बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो त्याला जड झालेला असतो. क्लोरीनला नेमका एक कमी पडत असतो. सोडियम तो देऊन टाकतो, क्लोरीन घेतो, व्यवहार पूर्ण. हे बक्षीसपत्र. यालाच आयनिक बंध म्हणतात. (इथं बँकेचं आणि रसायनशास्त्राचं एका बाबतीत पटत नाही. आमच्याकडे देणाऱ्याच्या खात्यात उणे पडतं. त्यांच्याकडे देणारा धन आयन होतो आणि घेणारा ऋण. कारण इलेक्ट्रॉन मुळात ऋण. म्हणजे सोडियम दान करत नाही, अंगावरचं कर्ज खपवतो. अशी माणसं मी कर्ज विभागात पुष्कळ पाहिली आहेत.) आता मॅग्नेशियमला दोन इलेक्ट्रॉन द्यायचे आहेत आणि क्लोरीन एकाहून जास्त घेणार नाही. मग क्लोरीन किती लागतील?

"दोन."

"तू न सांगता ओळखलंस की नाही? मग नावात कशाला लिहायचं? शाई वाया."

जॉइंट खात्याचं तसं नाही. कार्बन आणि ऑक्सिजन दोघेही अधातू, दोघेही चिकट. कुणीच कुणाला काही देत नाही. इलेक्ट्रॉन सामाईक ठेवतात आणि दोघंही पासबुकात आपलेच म्हणून मोजतात. हा सहसंयुज बंध. आणि जॉइंट खात्यात खातेदार किती, हे लिहावंच लागतं, कारण ते ओळखता येत नाही. कार्बन एका ऑक्सिजनबरोबर खातं उघडतो तेव्हा कार्बन मोनॉक्साईड होतो, आणि कसलाही वास न येता, बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. दोघांबरोबर उघडतो तेव्हा कार्बन डायऑक्साईड होतो आणि सोड्याच्या बाटलीत बुडबुडे काढतो. नायट्रोजन तर ऑक्सिजनबरोबर निदान अर्धा डझन खाती चालवतो. त्यातलं एक डायनायट्रोजन मोनॉक्साईड, म्हणजे दंतवैद्याकडचा हसवणारा वायू. दुसरं नायट्रोजन डायऑक्साईड, तपकिरी आणि घसा जाळणारं. 'डाय' पुढून मागं सरकलं, एवढाच नावात फरक. बाकी हसणं आणि ठसकणं.

मिठाच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. मिठाच्या खड्यात सोडियम आणि क्लोरीनचं जोडपं असं नसतंच. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराईड, प्रत्येक क्लोराईडभोवती सहा सोडियम, आणि ही रांग खडा संपेपर्यंत चारी बाजूंनी, वरखाली. कोण कुणाचा, हे सांगताच येत नाही. नाट्यगृहात दोन खुर्च्यांमधला हात डावीकडच्याचा की उजवीकडच्याचा, हे आजवर ठरलेलं नाही. एवढंच ठरलेलं आहे की खुर्च्या जितक्या, हात साधारण तितके. मिठाचं सूत्र हे तेवढंच सांगतं, एकास एक. मोजायला सुटा रेणूच नाही, तर मोनो-डाय लावणार कुणाला?

भाचीनं वहीच्या कोपऱ्यात लिहिलं, "बक्षीसपत्र – आकडा नाही. जॉइंट – आकडा." मला माझ्या चौतीस वर्षांचं चीज झाल्यासारखं वाटलं.

आकडे पाठ करण्याची वेळ आली तेव्हा ती मोठ्यानं म्हणू लागली, मोनो, डाय, ट्राय, टेट्रा, पेंटा, हेक्सा, हेप्टा, ऑक्टा. आतल्या खोलीत माझी आई गहू निवडत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "अगं, मग सरळ द्वि, त्रि, पंच, सप्त, अष्ट म्हण की." म्हाताऱ्या माणसाला ग्रीक आणि संस्कृतचं नातं भाषाशास्त्रज्ञांनी सांगावं लागत नाही, कान सांगतो. फक्त मोनोपाशी तिचं अडलं. ती म्हणाली, हा कुणीतरी बाहेरचा दिसतोय. मेंडेलीव्हनं मात्र आईचाच पक्ष घेतला होता. १८७१ साली मूलद्रव्यांच्या तक्त्यातल्या रिकाम्या जागांना त्यानं चक्क संस्कृत आकडे लावले: एका-बोरॉन, एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन. पुढच्या पंधरा वर्षांत ही तिन्ही मूलद्रव्यं सापडली आणि त्यांची नावं ठेवली स्कँडियम, गॅलियम, जर्मेनियम. बारशाच्या आधीचं नाव संस्कृत आणि बारशाला आलेल्या काकांनी ठेवलेलं आपापल्या देशाचं. हे आपल्याकडेही होतं.

तसं पाहिलं तर मराठीनं या सगळ्याला स्वतःची सोय केली होती. जुन्या पुस्तकांत कार्बन डायऑक्साईडला कर्बद्विप्राणिद म्हणत. हसू नका. कर्ब म्हणजे कार्बन, द्वि म्हणजे डाय, प्राण म्हणजे ऑक्सिजन आणि शेवटचं 'इद' म्हणजे आईड. एकही कानामात्रा वाया गेलेली नाही. आजीला एकदा सांगितलं तर ती नातीला सूत्र लिहून दाखवेल. पण शाळेनं हळूहळू हे शब्द सोडले. शेतकऱ्यानं मात्र सोडले नाहीत. कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जा, तिथं आजही नत्र, स्फुरद, पालाश असंच बोलतात. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम हे शब्द तिथं पोरं बोलतात.

आणि खताच्या पोत्यावर जे छापलेलं असतं ते वाचून तर माझ्यातला अधिकारी उडालाच. दहा-सव्वीस-सव्वीस. म्हणजे नत्र १० टक्के, स्फुरद २६, पालाश २६. पण यातला स्फुरदाचा आकडा फॉस्फरस पेंटॉक्साईडच्या हिशेबात धरतात आणि पालाशचा पोटॅशियम ऑक्साईडच्या. पोतं फोडून चाळलं तरी ही दोन्ही ऑक्साईडं आत सापडणार नाहीत. असती तर पहिल्या पावसात पोत्याचं काय झालं असतं, ते सांगवत नाही. निव्वळ फॉस्फरस मोजला तर तो २६ नसून जेमतेम ११ टक्के भरतो. जुन्या पृथक्करणाची ही सवय, ती तशीच चालत आली. खातं एकाच्या नावावर आणि पैसा दुसऱ्याचा. याला आमच्याकडे बेनामी म्हणतात.

पण मुळात ही नावं ठेवली कुणी? भाचीला वाटलं, शास्त्रज्ञांनी. मीही तेच समजत होतो. खरी हकिगत अशी की १७८७ साली पॅरिसमध्ये चार जणांनी मिळून रासायनिक नावांची पद्धत छापली. त्यात पुढाकार होता गितों द मोर्व्हो यांचा आणि ते दिजोनचे वकील. दुसरे लाव्हाझिए, मोठे शास्त्रज्ञ खरेच, पण पोटापाण्याचा उद्योग सरकारी करवसुलीच्या ठेक्यात भागीदारी. वकील आणि वसुलीवाला एकत्र बसले की जे होतं ते झालं. नाव कसलं, खरेदीखत झालं. देणार कोण, घेणार कोण, हिस्से किती. (करवसुलीपायी १७९४ साली लाव्हाझिएंचं डोकं उडवण्यात आलं. नावांपायी नव्हे, हे नववीच्या मुलांना मुद्दाम सांगावं लागतं.)

त्यांच्या आधीचा कारभार मात्र फारच काव्यमय होता. अँटिमनीचं लोणी, जस्ताची फुलं, शिशाची साखर. ऐकून कुणालाही वाटावं की दिवाळीचा फराळ मांडलाय. हे लोणी अंगावर पडलं तर कातडी जळते, आणि शिशाची साखर खरोखर गोड लागते व खरोखर विष आहे. गोड बोलून घात करणारं नाव असू नये, हे वकिलाला सुचावं हेही नवलच.

या मंडळींचीही एक चूक झाली आणि ती आपल्या नाकात रोज जाते. लाव्हाझिएंची खात्री होती की आम्लाला आंबटपणा येतो तो या वायूमुळे. म्हणून त्याचं नाव ग्रीकमधून ऑक्सिजन, म्हणजे आम्ल निर्माण करणारा. पुढं १८१०मध्ये हंफ्री डेव्हीनं दाखवलं की मिठाच्या तेजाबात ऑक्सिजनचा मागमूस नाही. तरी नाव तेच राहिलं. आपण मात्र त्याला प्राणवायू म्हणालो. दोन्ही नावं शेजारी ठेवून पाहा. केवायसीत आपलं पास होतं, त्यांचं परत जातं.

वहीची अकरावी ओळ. एन-एच-फोर-सी-एल. "मामा, यात धातूच नाही. मग आधी नाव कुणाचं?"

अमोनियमचं. नायट्रोजन एक, हायड्रोजन चार, पण पाच जण हातात हात घालून धातूचा आव आणतात. संस्था म्हणून एकच सही. अमोनियम क्लोराईड उर्फ नवसागर. नवसागर म्हटल्यावर भाचीच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तिनं कल्हईवाला पाहिलेला नाही.

आमच्या आळीत दिवाळीच्या आधी यायचा. रस्त्याच्या कडेला खड्डा खणून त्यात कोळसे, एका बाजूनं चामड्याचा भाता, आणि भात्यावर त्याचा मुलगा. पितळेचं पातेलं चिमट्यात धरून निखाऱ्यावर फिरवायचं, चांगलं तापलं की कथलाची कांडी आत टेकवायची, वर चिमूटभर पांढरी पूड आणि लगेच कापसाच्या बोळ्यानं गर्रकन हात. पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, नाकात झिणझिण्या यायच्या, आणि धूर विरेपर्यंत पातेलं आतून आरशासारखं. आम्ही पोरं मुद्दाम त्या धुरात नाक घालून शिंकत उभे राहायचो.

ती पूड नवसागर. तापला की तो फुटतो, अमोनिया एकीकडे आणि हायड्रोजन क्लोराईड दुसरीकडे. हायड्रोजन क्लोराईड पातेल्यावरचा काळा थर खाऊन टाकतो, म्हणून कथील नीट बसतं. उरलेले दोघं जरा गार हवेत वर आले की पुन्हा एक होतात. तो पांढरा धूर म्हणजे पुन्हा नवसागरच. भांडून घराबाहेर पडलेलं जोडपं नाक्यापर्यंत जाऊन परत येतं, त्यातला प्रकार. हा हायड्रोजन क्लोराईडही नावाचा पक्का नाही. हवेत असेपर्यंत हायड्रोजन क्लोराईड, आणि पाण्यात विरघळला की हायड्रोक्लोरिक आम्ल. सासर बदललं, नाव बदललं. राजपत्र वगैरे काही नाही.

इथवर गाडी बरी चालली होती. मग आल्या शेपट्या. सल्फाईड, सल्फाईट, सल्फेट. क्लोराईड, क्लोराईट, क्लोरेट. 'आईड' म्हणजे एकटा, 'आईट' म्हणजे बरोबर ऑक्सिजन थोडे, 'एट' म्हणजे ऑक्सिजन त्याहून जास्त. इंग्रजीत हा गोंधळ आहेच, देवनागरीत तो हस्ताक्षरावर गेला. 'ट'ला घाईत जरा वेलांटी पडली की 'ड' झाला. सोडियम क्लोराईड आमटीत पडतं आणि सोडियम क्लोराईट कापड पांढरं करायला वापरतात. मामीची आमटी आणि कापडगिरणी यांच्यामध्ये एवढीच एक वेलांटी उभी आहे.

"एका अक्षरासाठी बाई पूर्ण मार्क कापतात," भाची म्हणाली.

मी तिला आचार्य प्रफुल्लचंद्र रायांची गोष्ट सांगितली. १८९६. कलकत्त्याचं प्रेसिडेन्सी कॉलेज. रायांना मर्क्युरस नायट्रेट हवं होतं, तेही पुढं दुसरंच काही करण्यासाठी. पारा आणि पातळ नायट्रिक आम्ल एकत्र ठेवलं, तर भांड्यात पिवळे स्फटिक दिसू लागले. मागवलेला माल हा नव्हेच. तपासलं तेव्हा ते मर्क्युरस नायट्राईट निघालं. 'एट'च्या जागी 'आईट'. त्या एका शेपटीनं त्यांचं नाव युरोपपर्यंत गेलं. नववीत असते तर मार्क गेला असता.

पाऱ्याच्या नावात तर धोका दोन्ही टोकांना आहे. मर्क्युरस क्लोराईड हे एकोणिसाव्या शतकात डॉक्टर जुलाबासाठी देत. मर्क्युरिक क्लोराईड हे जहाल विष. 'रस' म्हणजे पारा उदार कमी झालाय, 'रिक' म्हणजे जास्त. आयुर्वेदात पाऱ्याला रसच म्हणतात, आणि त्यावरूनच रसशास्त्र. तेव्हा मराठी विद्यार्थ्यानं 'मर्क्यु-रस' हे लक्षात ठेवायला अडचण नसावी. हा विनोद मी भाचीला ऐकवला. ती म्हणाली, "मामा, पुढचं सांग."

पुढचा होता पीबी-थ्री-ओ-फोर. हा मारुतीच्या अंगावरचा पारंपरिक शेंदूर. यात शिशाचे तीन अणू, पण तिघं एका मताचे नाहीत. दोघं दोन-दोन इलेक्ट्रॉन देतात, तिसरा चार. म्हणून त्याचं नाव लिहिताना कंसात दोन रोमन आकडे, दोन आणि चार. लेड टू-फोर ऑक्साईड. बसचा नंबर वाटतो. भाचीनं बेरीज केली, दोन नि दोन चार, नि चार आठ. ऑक्सिजन चार, प्रत्येकी दोन, आठ. जुळलं. चौतीस वर्षांत रात्री नऊ वाजता शिल्लक जुळल्यावर जो आनंद व्हायचा, तो मला झाला.

शेवटची ओळ होती एच-टू-ओ. भाची म्हणाली, "हे काय विचारायचं?" मी म्हटलं, नियमानं काय येतं ते लिही की. तिनं लिहिलं, डायहायड्रोजन मोनॉक्साईड, आणि आम्ही दोघंही जरा घाबरून त्या नावाकडे पाहत राहिलो. नाव असं की पोलिसात कळवावंसं वाटावं. १९९७ साली अमेरिकेत आयडाहोमधल्या चौदा वर्षांच्या एका मुलानं याच नावाचा उपयोग करून घेतला. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यानं ५० मुलांना या रसायनाचे खरेखुरे दुर्गुण वाचायला दिले. गंज चढवतं, जमिनीची धूप करतं, नाकातोंडात गेल्यास जीव जातो. मग विचारलं, बंदी घालावी का? ४३ जणांनी घाला म्हणून सांगितलं. २००४ साली कॅलिफोर्नियातल्या एका गावाच्या नगरपालिकेनंही या रसायनापायी फोमच्या पेल्यांवर बंदीचा ठराव सभेपुढं आणायचं ठरवलं होतं. मी त्यांना दोष देत नाही. अनोळखी नाव दिसलं की व्यवहार थांबवायचा, हेच आम्हाला शिकवलं होतं.

चाचणीत तिनं तेच लिहिलं. बाईंनी अर्धा मार्क कापला आणि लाल पेननं शेजारी लिहिलं, "पाणी". बाईंचं बरोबर आहे. रासायनिक नावांची जागतिक संस्था १९१९पासून काम करते. अकार्बनी संयुगांच्या नावांसाठी तिचं एक जाड लाल पुस्तक आहे, आणि त्यातही पाण्याला वॉटर म्हणायला परवानगी आहे. जगातल्या सगळ्यात कडक केवायसीतही उर्फ चालतं, हे मला सेवेत असताना कळायला हवं होतं. दत्तूअण्णांची मी उगाच तीनदा पायपीट करवली.

पुढच्या रविवारी तिला प्रकल्पासाठी स्फटिक वाढवायचे होते. तिनं यादी करून दिली, एकदम शास्त्रोक्त. पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट १०० ग्रॅम, कॉपर सल्फेट १०० ग्रॅम, कॅल्शियम ऑक्साईड पाव किलो. मी पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानात गेलो. गल्ल्यावरच्या काकांनी यादी हातभर लांब धरून वाचली. ते बुचकळ्यात पडतील आणि मग मी तुरटी, मोरचूद, चुना असं सांगून त्यांची सुटका करीन, अशी माझी तयारी होती. काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं,

"तुरटी खडा देऊ की लाही?"

मी गप्प. तुरटी तव्यावर तापवली की तिच्यातलं पाणी उडून जातं आणि ती लाहीसारखी फुलते, हे मला माहीत होतं. नावात लिहायचं मात्र तिला सुचलं नव्हतं, मलाही नाही. तुरटीच्या खड्यात पाण्याचे बारा रेणू असतात, जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं. मोरचुदात पाच. ते गेले की निळा रंगही जातो आणि पांढरी भुकटी उरते. स्फटिक करायचे तर पाण्यासकटच हवेत. काकांनी पुढं विचारलं, "चुना कळीचा की विरलेला?" हे पण वर्मी होतं. कळीचा म्हणजे ऑक्साईड, विरलेला म्हणजे हायड्रॉक्साईड. यादीत ऑक्साईड होतं आणि तिला हवा होता निवळी करायला, म्हणजे विरलेला चालला असता. लाल पुस्तक जे नावात कोंबतं, ते काका एका प्रश्नात उरकत होते. फरक एवढाच की लाल पुस्तक रविवारी दुपारी बंद नसतं.

यादीच्या तळाशी मामीनं स्वतःच्या अक्षरात ढोकळ्यासाठी एक ओळ लिहिली होती, "सोडा – १ पाकीट". भाचीनं ती सुधारून सोडियम कार्बोनेट केली होती. काकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हा धुण्याचा झाला. ढोकळ्याला ना?"

ढोकळ्यालाच. खायचा सोडा म्हणजे सोडियम हायड्रोजन कार्बोनेट. जुनं नाव सोडियम बायकार्बोनेट, आणि त्यातल्या 'बाय'चा अर्थ दोन असला तरी आत दुसरं काहीही नसतं. दोन्ही सोडे पांढरे, दोन्ही पुडीत, आणि 'सोडियम'पर्यंत दोघांचं नाव अक्षर न् अक्षर एक. तेव्हा दुकानात जाल तेव्हा कार्बोनेटच्या भानगडीत पडू नका. सरळ म्हणा, खायचा द्या.